डायव्हिंगचे घड्याळ घरी स्वच्छ करताना

फेब्रुवारीत समुद्रातील डायव्हिंग आटोपून परतल्यावर माझे स्टेनलेस स्टीलचे घड्याळ मी साध्या पाण्यातून काढून ठेवले होते, तरीही मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याचे बेझल (काचेभोवतीचे फिरते कडे) फिरवताना खरखर जाणवू लागली. वेळ लावायच्या चावीच्या बुडाशी पांढरी कड धरली होती आणि पट्ट्याच्या कड्यांच्या सांध्यांत करडा, चिकट थर बसला होता. घड्याळ पूर्ण उघडून स्वच्छ करायला देण्याइतके ते बिघडलेले नव्हते आणि तसेच वापरत राहण्याइतके ठीकही नव्हते. घरीच स्वच्छ करावे असे मनात होते, पण तीन गोष्टींची धास्ती वाटत होती. आत पाणी शिरले तर यंत्र गंजेल, हत्यार घसरले तर स्टीलवर कायमचा ओरखडा उठेल आणि काही चुकीचे केले तर हमीपत्राचा उपयोग राहणार नाही. ज्यांच्याकडे असे घड्याळ आहे आणि ज्यांना हीच धास्ती वाटते, त्यांच्यासाठी सारे काही घडले त्या क्रमाने लिहून ठेवत आहे.

सुरुवात मी कागदपत्रांपासून केली. घड्याळासोबत आलेली पुस्तिका, हमीपत्र आणि मागील सर्व्हिसची पावती एकत्र काढून वाचली. अशा पुस्तिका आपण सहसा वाचत नाही, पण धुण्याविषयीच्या नेमक्या सूचना त्यांत असतात. चावी पूर्ण आवळलेली असल्याशिवाय घड्याळ पाण्यात घालू नये, पाण्यात असताना चावी किंवा बटणे चालवू नयेत आणि नळाची धार थेट घड्याळावर सोडण्याऐवजी भांड्यात पाणी घेऊन त्यात घड्याळ बुडवून धुवावे, असे माझ्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले होते. हमीपत्रातील अटींनुसार मागचे झाकण अधिकृत केंद्राबाहेर उघडले तर हमी संपते. बाहेरून धुणे आणि पट्टा काढणे यांना मात्र कोणतीही आडकाठी नव्हती. हे वाचून एक सीमारेषा आपोआप आखली गेली. झाकण उघडायचे नाही, बेझल उपटायचे नाही, बाकीचे सगळे करता येईल.

तबकडीवर लिहिलेल्या ‘२०० मीटर’ या शब्दांवर किती विसंबावे, हा पुढचा प्रश्न होता. डायव्हिंगच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते पहिल्यांदा १९८२ मध्ये निघाले, १९९६ मध्ये सुधारले गेले आणि त्याची पुढची आवृत्ती २०१८ मध्ये आली. या मानकानुसार घड्याळ किमान १०० मीटर खोलीसाठी योग्य असावे लागते आणि जितकी खोली लिहिली आहे त्याच्या सव्वापट दाबाखाली ते तपासले जाते. लिटरमागे ३० ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात ते २४ तास ठेवले जाते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, हे लक्षात घेतले की त्या चाचणीचा हेतू कळतो. तापमानातील अचानक बदल सोसतो की नाही हे पाहण्यासाठी ४० अंश, मग ५ अंश आणि पुन्हा ४० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ते आळीपाळीने बुडवले जाते. एवढे वाचल्यावर भांडेभर कोमट पाण्याची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही. परंतु हे सारे नव्या घड्याळाचे झाले. पाणी अडवण्याचे काम स्टील करत नाही. ते चावीच्या नळीतील, काचेभोवतीच्या आणि मागच्या झाकणाखालच्या रबरी गॅस्केटांचे काम असते. रबर वर्षांगणिक कडक होते, चपटे होते, घामाने आणि उष्णतेने लवकर म्हातारे होते. म्हणजे तबकडीवरील आकडा घड्याळ कारखान्यातून निघाले त्या दिवसापुरता खरा असतो, आणि त्यानंतर तो पुन्हा पुन्हा पडताळून घ्यावा लागतो.

माझ्या सर्व्हिसच्या पावतीवर यंत्राला तेल दिल्याची नोंद होती, पण दाबचाचणीचा उल्लेख नव्हता. त्यामुळे धुण्याच्या आधी मी घड्याळ चाचणीसाठी एका सर्व्हिस केंद्रात दिले. तेथे अर्ज भरून घेण्यात आला. त्यात मॉडेल क्रमांक, मागच्या झाकणावरचा अनुक्रमांक, खरेदीची तारीख आणि घड्याळावर आधीपासून असलेल्या ओरखड्यांचे वर्णन लिहायचे होते. हा शेवटचा रकाना कंटाळा न करता भरावा आणि घड्याळ देण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत, म्हणजे नंतर कोणाच्याही मनात शंका राहत नाही. सोमवारी दिलेले घड्याळ गुरुवारी परत मिळाले. मधल्या काळात मनगट मोकळे मोकळे वाटत होते आणि दिवसातून कित्येकदा नजर तिकडे जात होती. खर्च म्हणाल तर पूर्ण सर्व्हिसच्या मानाने तो किरकोळ होता. चाचणीत गळती निघाली असती तर मात्र गॅस्केट बदलण्याचे वेगळे पैसे पडले असते.

ही चाचणी पाण्याशिवायही होते, हे मला तेथे कळले. घड्याळ एका बंद कप्प्यात ठेवून हवेचा दाब वाढवतात. त्या दाबाने काच आणि केस (घड्याळाचे स्टीलचे कवच) अगदी सूक्ष्म प्रमाणात आत दबतात आणि काचेला टेकवलेला संवेदक ते मोजतो. घड्याळ घट्ट बंद असेल तर हा दबलेपणा टिकून राहतो. गळत असेल तर आत हवा शिरते आणि काच हळूहळू पूर्वस्थितीला येऊ लागते. आत पाणी जाण्याचा धोका न पत्करता गळती पकडण्याची ही रीत मला फार पटली. मानकात दव तपासण्याची आणखी एक पद्धत दिलेली आहे. घड्याळ ४० ते ४५ अंशांच्या तापलेल्या पट्टीवर ठेवून ते तितकेच गरम झाले की काचेवर गार पाण्याचा थेंब टाकतात, मिनिटभराने तो पुसतात आणि काचेच्या आतल्या बाजूला धुके धरले आहे का ते पाहतात. आत ओल असेल तर ती तेवढ्या थंडाव्याने काचेवर जमते. माझे घड्याळ दोन्ही तपासण्यांत उत्तीर्ण झाले. पावतीवर दाबाचा आकडा आणि तारीख लिहून घेतली, आणि मगच साहित्य जमवायला लागले. माझे ठाम मत आहे की जुन्या किंवा कोणी कधी उघडले आहे याची माहिती नसलेल्या घड्याळाला चाचणीपूर्वी पाणी दाखवूच नये. त्याचा पट्टा काढून तो वेगळा धुवावा आणि केस फक्त किंचित ओलसर फडक्याने पुसावी.

पट्टा काढण्याचे हत्यार मागवले होते ते यायला आठवडा गेला, त्या काळात मी स्टीलविषयी वाचून घेतले. बहुतेक डायव्हिंग घड्याळे ३१६ एल या स्टीलची असतात. त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम, १० ते १४ टक्के निकेल आणि २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. तो काही नॅनोमीटर जाडीचाच असतो, पण गंज रोखणारा तोच असतो आणि ओरखडा पडला तरी प्राणवायू मिळाला की तो स्वतःच भरून येतो. मॉलिब्डेनम क्लोराइडच्या माऱ्यापुढे त्याला बळ देते. अडचण येते ती फटींमध्ये. मिठाचे पाणी कड्यांच्या सांध्यात किंवा झाकणाच्या आट्यांत साचून राहिले की तेथील प्राणवायू संपतो, क्लोराइड वाढत जाते आणि संरक्षक थर भरून येण्याऐवजी तुटू लागतो. त्वचेचा तेलकटपणा, मृत त्वचा, साबणाचा अंश आणि सनस्क्रीन मिळून जो चिखल बनतो, तो नेमका अशाच ठिकाणी मीठ आणि घाम धरून ठेवतो. घामातही क्लोराइड असतेच, त्यामुळे समुद्रावर कधीही न गेलेल्या घड्याळालाही हे सारे लागू पडते. म्हणून स्वच्छतेचा खरा रोख चकचकीत दिसणाऱ्या भागांवर नव्हे, तर न दिसणाऱ्या फटींवर असायला हवा. फटीत ब्रशही नीट पोहोचत नाही. तिथे पोहोचते ते पाणी, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. पुढचे सगळे काम मी या एका समजुतीवर बेतले.

काय वापरायचे नाही हेही त्यातूनच ठरले. ब्लीचमध्ये क्लोरीनची संयुगे असतात, ती थेट त्या संरक्षक थरावर हल्ला करतात. लोखंडी काथ्याचे बारीक कण स्टीलमध्ये रुतून बसतात आणि मग तेच गंजतात. टूथपेस्ट आणि धातूचे पॉलिश दोन्ही खरवडणारी असतात. ब्रश केलेल्या, म्हणजे बारीक समांतर रेषा असलेल्या पृष्ठभागाचा पोत त्यांनी जातो. व्हिनेगर स्टीलला थोडा वेळ चालले तरी ॲल्युमिनियमच्या बेझल-पट्टीचा रंग उडवू शकते. ॲसिटोन रबराला आणि ॲक्रेलिकच्या काचेला घातक आहे. उरले ते भांडी घासायचे सौम्य द्रवरूप साबण, आणि त्याचेही दोन-चार थेंबच.

जमवलेले साहित्य साधे होते. रुंद तोंडाची दोन भांडी, लहान मुलांचा मऊ टूथब्रश, लाकडी टूथपिक, तंतू न सोडणारी मायक्रोफायबर फडकी, कॅमेऱ्याच्या भिंगावरची धूळ उडवण्याचा रबरी फुगा, कागदी चिकटपट्टी, भिंग, पारदर्शक प्लास्टिकची पिशवी आणि स्प्रिंग बार, म्हणजे पट्टा केसला अडकवणाऱ्या स्प्रिंगच्या बारीक दांड्या, काढण्याचे हत्यार. हत्यार घेताना त्याच्या दुबेळक्याच्या टोकाची जाडी पाहावी. स्टीलच्या पट्ट्याचे टोक आणि केस यांतील जागा फार अरुंद असते आणि जाड टोक तेथे शिरत नाही. मग माणूस जोर लावतो आणि ओरखडा तिथेच पडतो. ध्वनिलहरींच्या कंपनांनी साफ करणारे अल्ट्रासॉनिक मशीन घ्यावे का, याचाही मी विचार केला. ते केवळ सुट्या केलेल्या पट्ट्यासाठी चालते. पूर्ण घड्याळ त्यात घातले तर सूक्ष्म कंपनांनी आतले स्क्रू सैल होऊ शकतात. वर्षातून एक-दोनदा लागणाऱ्या कामासाठी ती खरेदी मला अनावश्यक वाटली.

शनिवारी सकाळी सुरुवात केली, कारण पुढे सबंध दिवस आणि रात्र मोकळी हवी होती. आधी पट्ट्याची छायाचित्रे काढली. टोकाचा कोणता तुकडा १२ च्या बाजूचा आहे, क्लॅस्पमधील (पट्टा बंद करण्याच्या कडीतील) बारीक छिद्रांपैकी कोणत्या छिद्रात पिन बसलेली आहे आणि कड्यांच्या आतील बाण कोणत्या दिशेला आहेत, हे त्यांत स्पष्ट दिसले पाहिजे. मग चावी तपासली. आट्यांची चावी आवळताना ती आधी किंचित दाबून उलट दिशेला हलकेच फिरवावी. आटे जुळल्याचा बारीक टप्पा बोटाला जाणवतो आणि त्यानंतर सरळ आवळावी. बोटांच्या जोराने जेवढी बसेल तेवढी पुरे, पकड लावून आवळू नये.

पहिल्या भिजवणीत साबण नव्हताच. पट्ट्यासकट घड्याळ कोमट पाण्यात ठेवले. कोमट म्हणजे हाताला गरम न लागणारे, ४० अंशांच्या आतले. कढत पाणी किंवा वाफ कटाक्षाने टाळावी, कारण स्टील, काच आणि रबर तापल्यावर सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत आणि त्यांच्यातील पकड सैल होण्याचा धोका असतो. मीठ पाण्यात विरघळते, त्याला घासावे लागत नाही. फक्त वाट पाहावी लागते. तासाभराने पाणी बदलले आणि घड्याळ पाण्यात ठेवूनच बेझल फिरवून पाहिले. डायव्हिंग घड्याळाचे बेझल एकाच दिशेला, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. अपघाताने धक्का लागून ते सरकलेच, तर पाण्याखाली गेलेला वेळ जास्त दिसावा, कमी दिसू नये, यासाठी ती योजना असते. पहिले टप्पे अडखळत गेले. नंतर बेझलच्या खालच्या कडेतून दुधाळ करड्या रंगाची बारीक रेघ निघाली आणि पाण्यात वळसे घेत पसरली. पाठोपाठ वाळूचा एक कण भांड्याच्या तळाला टेकला. दोन फेऱ्या पूर्ण झाल्यावर ‘टक् टक्’ असा स्वच्छ आवाज येऊ लागला आणि त्या क्षणी माझी अर्धी काळजी मिटली. पाणी गढूळ व्हायचे थांबेपर्यंत मी ते बदलत राहिले. कोरडे असताना बेझल जोराने फिरवले असते तर तोच कण आतल्या टप्प्यांवर घासला गेला असता. अडकलेले बेझल आधी भिजवावे आणि मगच फिरवावे, हे अगदी आवर्जून सांगावेसे वाटते.

दुपारी घड्याळ टिपून कोरडे केले आणि पट्टा काढायला घेतला. या टप्प्याचे मला सर्वांत जास्त दडपण होते. केसच्या चारही शिंगांवर, म्हणजे पट्टा ज्यांच्यामध्ये बसतो त्या टोकांवर, कागदी चिकटपट्टी लावली, तबकडी मऊ टॉवेलवर पालथी ठेवली आणि हत्याराचे टोक पट्ट्याच्या टोकाच्या खाचेत सरकवले. स्प्रिंग बारची कड त्यात सापडली की ती आतल्या बाजूला ओढून पट्टा थोडा वर उचलायचा असतो. हे सगळे प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून केले, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर बार कोठे उडून जाईल याचा नेम नसतो. काही घड्याळांच्या शिंगांना बाहेरून आरपार छिद्रे असतात. त्यांच्या बाबतीत टोकदार हत्याराने बाहेरून बार दाबता येतो आणि काम फारच सोपे होते. माझ्या घड्याळाला ती सोय नव्हती. पहिली बाजू सुटायला वेळ लागला, दुसरी सहज सुटली.

पट्टा बाजूला झाल्यावर जे दिसले ते पाहून घरी हे काम करण्याचा निर्णय योग्य वाटला. दोन शिंगांच्या मधल्या जागेत मेणासारखा थर होता आणि बारच्या छिद्राभोवती तांबूस डाग होता. केसच गंजली असे वाटून पोटात गोळा आला. भिंगातून पाहिल्यावर आणि ओल्या टूथपिकने हलकेच टोकरल्यावर डाग निघून गेला आणि खालचे स्टील गुळगुळीत दिसले. गंज बारच्या आतल्या स्प्रिंगमधून आलेला होता. असे डाग बरेचदा बारमधून येतात, कारण त्याच्या पोकळ नळीत शिरलेले खारे पाणी सहजी बाहेर पडत नाही. डाग निघाल्यावर खाली टोचल्यासारखे खड्डे दिसले तर मात्र ते घड्याळजींना दाखवावेत. विशेषतः मागच्या झाकणाच्या किंवा गॅस्केटच्या जवळ असतील तर वेळ दवडू नये. मी दोन्ही बार बदलण्याचे ठरवले. साऱ्या घड्याळाच्या किमतीपुढे त्यांची किंमत नगण्य असते, पण घड्याळ मनगटावर टिकते ते त्यांच्या भरवशावरच. नवे बार घेताना केवळ शिंगांमधील अंतर सांगून भागत नाही. नेहमीचे बार १.५ ते १.८ मिलिमीटर जाडीचे असतात, तर काही डायव्हिंग घड्याळांना २.५ मिलिमीटरचे जाड बार लागतात, आणि टोकांची जाडीही वेगवेगळी असते. जुना बार सोबत नेणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

पट्टा साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजत ठेवला. सकाळी पाणी चहाच्या रंगाचे झाले होते. एकेक कडी वाकवून, सांधा उघडा धरून, आतल्या बाजूने मऊ ब्रश फिरवला. बाहेरच्या ब्रश केलेल्या पृष्ठभागावर रेषा ज्या दिशेला आहेत त्याच दिशेने ब्रश न्यावा, आडवा नेऊ नये. आतली बाजू, जिथे कड्या एकमेकींत शिरतात, तिथे ब्रशचे केस टेकवून नुसते हलवत राहिले की घाण सुटते. काही सांध्यांतून काळसर पेस्ट निघाली. ती केवळ तेल आणि धूळ नसते. कड्यांच्या पिना झिजून निघालेली स्टीलची भुकटीही तिच्यात असते. जुने पट्टे आडवे धरल्यावर खाली झुकतात, ते याच झिजेमुळे, आणि एकदा झालेली झीज धुऊन भरून येत नाही. पट्टा वेळेवर धुण्याचे हे कारण मला दिसण्यापेक्षा मोठे वाटते. क्लॅस्पच्या बटणांखालच्या स्प्रिंगा आणि डायव्हिंग सूटवर घालण्यासाठी असलेला वाढवायचा तुकडा उघडून तिथेही ब्रश फिरवला. पिना काढल्या नाहीत. काही पट्ट्यांत पिनेभोवती बारीक नळी असते, ती कडीतून घरंगळली तर शोधून पुन्हा बसवणे फार किचकट होते. मात्र कोणती पिन बाहेर डोकावते आहे का, हे प्रत्येक कडीपाशी पाहून घेतले.

केस धुण्याला त्या मानाने थोडाच वेळ लागला. साबणाच्या पाण्यात बुडवून बेझलच्या दातांवर, चावीच्या भोवती आणि मागच्या झाकणावरील कोरीव अक्षरांत ब्रश फिरवला. अक्षरांच्या खाचा टूथपिकने साफ झाल्या. काच माझ्या घड्याळाला सफायरची आहे. कठीणपणाच्या मोस मापावर ती ९ असते, त्यामुळे मऊ ब्रशने तिला काही होत नाही. ॲक्रेलिकची काच असेल तर ब्रश लावू नये, आणि काचेवर बाहेरून चमक कमी करणारा लेप असेल तर केवळ फडके वापरावे. ज्या घड्याळांना हेलियम सोडण्याची हाताने उघडायची झडप असते, त्यांची ती झडपही पाण्याआधी बंद असल्याची खात्री करावी.

साबण पूर्ण निघेपर्यंत तीन वेळा पाणी बदलले आणि शेवटचे पाणी डिस्टिल्ड घेतले, म्हणजे वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके राहत नाहीत. नंतर फडक्याने टिपले, रबरी फुग्याने बेझलच्या कडेतील आणि कड्यांतील पाणी उडवले आणि दोन्ही भाग टॉवेलवर पसरून दुसऱ्या दिवसापर्यंत हवेवर ठेवले. डोक्याचे केस वाळवायचे गरम हवेचे यंत्र किंवा कडक ऊन वापरण्याचा मोह टाळावा. तापलेली हवा रबरासाठी वाईट. त्या रात्री मी दोनदा उठून काचेवर प्रकाश टाकून आत धुके आहे का ते पाहिले. नव्हते. सोमवारी सकाळी, सगळे खडखडीत कोरडे झाल्यावरच चावी सैल केली, तिच्या नळीचे आटे कोरड्या फडक्याच्या टोकाने पुसले आणि दिसणारे गॅस्केट अखंड आहे याची खात्री केली. काही जण धुतानाच चावी उघडून आटे साफ करतात. माझ्या मते चावी आवळलेली असणे हीच पाण्याविरुद्धची पहिली हमी आहे, ती ओल्या हाताने मोडू नये. गॅस्केटला सिलिकॉन ग्रीस लावण्याचे कामही मी सर्व्हिससाठी राखून ठेवले.

नवे बार बसवून पट्टा जोडताना दोन्ही बाजूंना ‘टिक्’ असा आवाज ऐकू आला पाहिजे. आवाजावर न थांबता मी प्रत्येक बाजू टॉवेलवर धरून नेटाने ओढून पाहिली. चिकटपट्टी काढली, छायाचित्राशी क्लॅस्पचे छिद्र ताडून घेतले आणि घड्याळ हातात घातले. पट्टा आधीपेक्षा सैल वाटतो, याचे काही वाटून घेऊ नये. सांध्यांतला चिखल गेल्यामुळे कड्या मोकळ्या हलू लागलेल्या असतात.

क्लॅस्पवरचे जुने ओरखडे तसेच आहेत. पॉलिश केले तर ओरखड्याच्या खोलीएवढे स्टील सगळीकडून काढावे लागते, कडा गोल होतात आणि ब्रश केलेल्या व चकाकत्या भागांमधली रेषा पुसट होते. घरी ते करू नये असेच मी सुचवेन. त्याचप्रमाणे साधारण १९६० च्या दशकापर्यंतची, अंधारात चमकण्यासाठी किरणोत्सर्गी रेडियम वापरलेली घड्याळे कोणाकडे असतील तर ती उघडू नयेत आणि त्यांना पाण्यातही घालू नये. त्यांचा पट्टा तेवढा सुटा करून धुवावा.

त्यानंतर डायव्हिंगचा दिवस असला की परतल्याबरोबर घड्याळ गोड्या पाण्याच्या भांड्यात ठेवते, तासाभराने पाणी बदलून त्यात बेझल एक फेरी फिरवते आणि टिपून वाळवते. पट्टा सुटा करून धुणे वर्षातून दोनदा ठेवले आहे, दाबचाचणी वर्षातून एकदा. बेझल ४० च्या खुणेजवळ अजूनही किंचित जड लागते. ते काढून खालची स्प्रिंग पाहणे हे घड्याळजींचे काम आहे, म्हणून सर्व्हिसच्या पावतीमागे तशी नोंद करून ठेवली आहे आणि पुढच्या चाचणीच्या वेळी ते दाखवणार आहे.